लग्नसाधन

जन्माच्या क्षणी जन्मस्थळाच्या पूर्व क्षितिजावर क्रांतिवृत्ताचा (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाचा) जो बिंदू उगवत असतो त्याला लग्न म्हणतात, आणि तो ज्या राशीत पडतो ती लग्नरास. जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ यांवरून हा बिंदू गणिताने काढणे म्हणजे लग्नसाधन. पत्रिकेतले पहिले स्थान या राशीला मिळते व बाकीची अकरा तिथून पुढे मोजतात. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, सूर्य महिनाभर; लग्न मात्र साधारण दोन तासांत रास बदलते. एकाच दिवशी एकाच गावात जन्मलेल्या दोन मुलांच्या पत्रिका निराळ्या दिसतात त्या मुख्यतः यामुळे.

पृथ्वीच्या एका फेरीत बाराही राशी उगवून जातात, म्हणून सरासरीने एका अंशाला चार मिनिटे धरतात. ही सरासरी अंदाजापुरतीच. क्रांतिवृत्त विषुववृत्ताशी सुमारे साडेतेवीस अंश कललेले असल्याने काही राशी झरझर उगवतात, काही रेंगाळतात, आणि हा फरक विषुववृत्तापासून दूर जावे तसा वाढतो.

जुन्या करणग्रंथांनी (पंचांगगणिताच्या ग्रंथांनी) हा फरक सावलीवरून धरला. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, मध्यान्ही बारा अंगुळे उंचीच्या शंकूची (उभ्या काठीची) जी सावली पडते ती त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा चार अंगुळांच्या आसपास आहे. तिला दहा, आठ आणि दहा तृतीयांशाने गुणले की चरखंडे, म्हणजे राशींच्या उदयकाळात त्या गावामुळे पडणारे फरक, येतात : ४०, ३२ आणि १३ पळे. विषुववृत्तावर मेष, वृषभ, मिथुन या राशी अनुक्रमे २७८, २९९ व ३२३ पळांत उगवतात. त्यांतून चरखंडे वजा केली की पुण्याचे उदयमान (रास उगवायला लागणारा वेळ) मिळते : २३८, २६७, ३१०. कर्क, सिंह, कन्या यांसाठी तेच आकडे उलट क्रमाने घेऊन चरखंडे मिळवायची : ३३६, ३३१, ३१८. तुळेपासून मीनेपर्यंत हेच सहा आकडे शेवटाकडून मागे येतात. पळ म्हणजे २४ सेकंद. तेव्हा पुण्यात मेष पंचाण्णव मिनिटांत उरकते आणि कर्केला सव्वादोन तास लागतात. एका काठीच्या सावलीवर उभे असलेले हे गणित किती नेमके आहे ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

२० मार्च २०२४ या दिवशी सूर्य सायन मेषेच्या, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या मेषेच्या, आरंभी होता; वरची उदयमानेही सायन राशींचीच. सूर्योदयाला सूर्याचा बिंदू हेच लग्न असते, म्हणून मोजणी तिथून सुरू होते. समजा, पुण्यात सूर्योदयानंतर पाच तासांनी, म्हणजे पावणेबाराच्या सुमारास, मूल जन्मले. इष्टकाळ (सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा वेळ) १२ घटी ३० पळे; घटीची ६० पळे, म्हणजे एकूण ७५० पळे. त्यांतून मेषेची २३८ गेली, वृषभेची २६७ गेली, उरली २४५. मिथुनेची ३१० पळे म्हणजे ३० अंश, तर २४५ पळांचे पावणेचोवीस अंशांच्या जवळपास होतात. सायन लग्न मिथुन २३ अंश ४२ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). आधुनिक त्रिकोणमितीने काढले तरी फरक काही कलांचाच पडतो.

पण पत्रिका निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांपासून राशी मोजून, मांडतात, म्हणून यातून अयनांश (दोन्ही मोजण्यांच्या आरंभांतले अंतर) वजा करावे लागतात, आणि खरा वाद इथेच आहे. भारत सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने, जिचे अध्यक्ष मेघनाद साहा होते, चित्रा तारा प्रमाण धरून अयनांश ठरवले; हा चित्रापक्ष. आजची बहुतेक पंचांगे आणि सॉफ्टवेअर त्यालाच धरून आहेत. २०२४ मध्ये ते २४ अंश १२ कलांच्या आसपास होते. टिळक पंचांग रेवतीचा तारा धरते व त्याचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी येतात. वरच्या मुलाचे लग्न चित्रापक्षाने वृषभ, साडेएकोणतीस अंश; टिळक पंचांगाने मिथुन, साडेतीन अंश. मूल तेच, वेळ तीच, आकाशातला बिंदूही तोच. ‘आमच्या गुरुजींनी वेगळे लग्न काढले’ या तक्रारीमागे पुष्कळदा गणिताची चूक नसून पक्ष वेगळा असतो. लग्न राशीच्या कडेला असेल तर पत्रिका कोणत्या अयनांशांवर केली हे विचारून घेणे बरे.

आता इष्टकाळाऐवजी सांपातिक काळ (ताऱ्यांच्या दैनंदिन फेरीवर मोजलेली वेळ) वापरतात. घड्याळातली वेळ आधी स्थानिक वेळेत आणावी लागते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, पुणे ७३ अंश ५१ कलांवर. एका अंशाला चार मिनिटे धरून प्रमाणवेळेतून ३४ मिनिटे ३६ सेकंद वजा होतात. मग त्या क्षणाचा सांपातिक काळ व गावाचा अक्षांश घेऊन लग्नसारणीतून (लग्नाच्या तयार तक्त्यातून) किंवा सूत्राने लग्न मिळते. गणित सॉफ्टवेअर करते. त्याला वेळ कोणती दिली, यावर सगळे अवलंबून. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशभरातली घड्याळे एक तास पुढे होती. त्या काळातल्या आजोबांच्या टिपणात जन्मवेळ ‘नवी’ की ‘जुनी’ हे पाहिले नाही तर लग्न पंधरा अंशांच्या आसपास सरकते. लंडनमध्ये जन्मलेल्या नातवाची पत्रिका करतानाही उन्हाळी वेळेचा एक तास आधी काढावा लागतो, आणि पुण्याची सारणी तिथे चालत नाही : लंडनला सायन मेष जेमतेम बावन्न मिनिटांत उगवते, कन्येला पावणेतीन तासांहून अधिक लागतात.

लग्नबिंदू खगोलगणिताने सिद्ध होतो; त्यावरून सांगितलेले भविष्य तसे होत नाही. जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात केलेल्या चाचणीत (प्रकाशन २००९) हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिष्यांपुढे ठेवल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास राहिले, म्हणजे नाणे उडवण्याइतकेच.

महाराष्ट्रात प्रचलित चौकटीत वरचे मधले घर लग्नाचे. त्यात लिहिलेला २ हा आकडा वृषभ रास दाखवतो, दुसरे स्थान नव्हे. नवख्याची गफलत इथे हमखास होते. तयार पत्रिका तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे सूर्य कुठे बसलाय ते पाहणे. सूर्योदयाच्या आसपासच्या जन्माला तो लग्नाजवळ, दुपारी बाराला दशमाच्या आसपास, सूर्यास्ताला सप्तमात आणि मध्यरात्री चतुर्थात असायला हवा. रात्री सव्वाबाराला जन्मलेल्या मुलीचा सूर्य दशमात दिसला, तर वेळ भरताना रात्रीचे दुपार झालेले आहे.