उलटी केलेली साखळी आणि 399 दगड

गळ्यातली साखळी काढा, तिची टोकं दोन हातांत धरा आणि मधला भाग सैल सोडा. जो झोल पडतो, त्यात प्रत्येक कडीला फक्त ओढ सोसावी लागते. हाच झोल गोठवून उलटा केला, की ओढीच्या जागी दाब येतो आणि झकास कमान मिळते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने हे 1675 मध्ये छापलं, पण कोड्याच्या रूपात! उकल प्रसिद्ध झाली ती त्याच्या मृत्यूनंतर, 1705 साली.

बार्सिलोनाजवळच्या एका चर्चच्या कमानींचा आकार शोधायला स्पेनचा वास्तुकार गौदी याने दोऱ्या टांगून त्यांना छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या. एक दोरी हलवली की बाकी सगळ्या दोऱ्यांची जागा बदलायची. ही जुळवाजुळव वर्षानुवर्षं चालली. आज तेच काम संगणक करतो, आणि आकार पडद्यावर ओढूनताणून पाहता येतो.

पण पडद्यावरचा आकार घडवायचा कसा? झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या फिलिप ब्लॉक यांच्या गटाने 2016 च्या व्हेनिस बिएनाले या वास्तुकला प्रदर्शनात ‘आर्माडिलो व्हॉल्ट’ हा दगडी घुमटाकार मांडव उभा केला. चुनखडीचे 399 दगड, प्रत्येक वेगळा, सांध्यांत ना चुना ना सिमेंट. गाळा (आधारांमधलं अंतर) 15 मीटरहून जास्त, तर जाडी काही ठिकाणी जेमतेम 5 सेंटिमीटर. दगड टेक्सासमध्ये संगणकचलित यंत्रांवर कापले. मला भावली ती त्यातली कारागिरांची अक्कल: यंत्रावर दगड पालथा करण्यात वेळ जाऊ नये म्हणून त्याची वरची बाजू सपाटच ठेवली, वळण दिलं ते खालच्या बाजूला.

टेक्सासचा दगड व्हेनिसला नेणं म्हणजे पर्यावरणस्नेह नव्हे, हे उघड आहे. फायदा दिसतो तो साध्या स्लॅबमध्ये. काँक्रीट दाब उत्तम पेलतं, ताणाला मात्र कच्चं. सपाट स्लॅब भाराखाली वाकतो, खालच्या अंगाला ताण बसतो, म्हणून तिथे सळया घालाव्या लागतात. शिवाय मधलं बरंचसं काँक्रीट नुसतं ओझं असतं. याच गटाने स्वित्झर्लंडमधल्या ड्युबेनडॉर्फच्या ‘हायलो’ इमारतीत (2021) मजल्याखाली उथळ कमान आणि वर पातळ फासळ्या अशी रचना केली. काँक्रीट सुमारे 70 टक्के वाचलं.

अर्थात कमान म्हटली की ती पाय बाहेर फाकवणारच. ते आवळून धरायला पोलादी पट्टे लागतातच. पण ते काँक्रीटमध्ये गाडलेले नसल्यामुळे, इमारत पाडताना सरळ सोडवून घेता येतात.