मुख्याध्यापकांना शिकवणारे प्राध्यापक

शैक्षणिक नेतृत्व, व्यवस्थापन आणि कामाच्या ठिकाणी होणारे शिकणे हे तीन विषय आज एकाच प्राध्यापकाच्या नावापुढे लिहिलेले दिसतात. ते एका घरात वाढलेले नाहीत. पहिले दोन शाळांच्या कारभारातून आले. तिसरा आला कारखाने, दवाखाने आणि शिंप्यांच्या दुकानांतून, तोही बराच उशिरा.

सुरुवात अमेरिकेतली. विसाव्या शतकाच्या तोंडावर तिथल्या शहरांत शाळा भराभर वाढल्या आणि त्या चालवणारा अधीक्षक हा स्वतंत्र पेशा झाला. या अधीक्षकांना शिकवणार कोण, तर माजी अधीक्षकच. एलवुड कबर्ली सॅन डिएगोच्या शाळांचे अधीक्षक होते. 1898 मध्ये ते स्टॅनफर्ड विद्यापीठात आले, 1905 मध्ये कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमधून त्यांनी डॉक्टरेट घेतली आणि 1933 पर्यंत स्टॅनफर्डमध्येच राहिले. आधी शाळेतली नोकरी, मग विद्यापीठ आणि संशोधनाची पदवी सगळ्यात शेवटी, हा क्रम या क्षेत्रात आजही नवलाचा वाटत नाही.

त्या पिढीवर कार्यक्षमतेचे भूत स्वार होते. फ्रेडरिक टेलर यांचे वैज्ञानिक व्यवस्थापन, म्हणजे प्रत्येक काम मोजून-मापून आखण्याची पद्धत, 1911 मध्ये पुस्तकरूपात आले. पुढच्याच वर्षी शिकागोचे फ्रँकलिन बॉबिट शाळेच्या इमारतीचा कोणता भाग किती वेळ रिकामा पडतो याचा हिशेब मांडत होते. कबर्लींनी तर 1916 मध्ये शाळेला कारखाना आणि मुलांना कच्चा माल म्हणून टाकले. आज हे वाचताना हसू येते, पण शिक्षणाचे इतिहासकार रेमंड कॅलहन यांनी 1962 मध्ये दिलेले स्पष्टीकरण मला पटते. अधीक्षकाची नोकरी स्थानिक मंडळाच्या मर्जीवर असे. वर्तमानपत्रांनी उधळपट्टीची ओरड केली की त्याला आकडे दाखवावेच लागत. सिद्धांत मागाहून आला, भीती आधीपासून होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. अनुभवाच्या गोष्टी सांगणारे माजी अधीक्षक विद्यापीठांना कमअस्सल वाटू लागले. केलॉग फाउंडेशनच्या पैशातून 1950 च्या सुमारास आठ विद्यापीठांत शैक्षणिक प्रशासनाची केंद्रे उभी राहिली आणि तिथे समाजशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ शिरले. अँड्र्यू हाल्पिन, जेकब गेट्झेल्स, डॅनियल ग्रिफिथ्स ही त्या काळातली वजनदार नावे. संघटना शाळेची असो की सैन्याची, तिचे नियम सारखेच आणि ते मोजता येतात, अशी त्यांची धारणा होती. ऑस्ट्रेलियात आर्मिडेलच्या विद्यापीठातून विल्यम वॉकर यांनी 1963 मध्ये या विषयाचे नियतकालिक सुरू केले, दोन वर्षांनी अमेरिकेतले निघाले. शोधनिबंध छापायला जागा झाली तसा विद्यापीठीय कारकिर्दीचा साचाही तयार झाला.

या सगळ्याला तडा गेला तो 1974 मध्ये. शैक्षणिक प्रशासनाच्या अभ्यासकांच्या ब्रिस्टलमधल्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात टोरांटोहून आलेल्या थॉमस ग्रीनफिल्ड यांनी सांगितले की संघटना ही माणसांपासून वेगळी काढून मोजता येणारी वस्तूच नाही. माणसे तिला जो अर्थ देतात त्यातच ती असते. ग्रिफिथ्स आणि त्यांचे सहकारी संतापले आणि हा वाद कित्येक वर्षे चालला. तरीही मुलाखती घेणारा, एकाच शाळेत वर्षभर बसून राहणारा संशोधक या शाखेत ताठ मानेने वावरू शकला, त्याचे बरेचसे श्रेय मी या भांडणाला देतो.

इंग्लंडमध्ये 1988 च्या शिक्षण सुधारणा कायद्याने शाळांचे अंदाजपत्रक स्थानिक शिक्षण खात्याकडून शाळेच्या हातात दिले. काल इंग्रजी किंवा भूगोल शिकवणाऱ्या मुख्याध्यापकाला आज पगार, दुरुस्त्या आणि नेमणुका बघायच्या होत्या. संध्याकाळच्या आणि दूरशिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गांना गर्दी झाली. ब्रिस्टल विद्यापीठाने 1992 मध्ये ब्रिटनमधली पहिली व्यावसायिक शिक्षण-डॉक्टरेट, म्हणजे एडडी, सुरू केली. हार्वर्डमध्ये ती 1920 च्या दशकापासून होती. पुढे सरकारने 2000 मध्ये मुख्याध्यापकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय महाविद्यालयच काढले. तेव्हा प्राध्यापकांत दोन तट पडले. काही जण सरकारी प्रशिक्षणाचे काम घेऊ लागले, काही जण त्याच प्रशिक्षणावर टीका करणारे लेख लिहू लागले. दोन्ही एकाच वेळी करणारेही होते.

आता तिसरा धागा. मानवशास्त्रज्ञ जीन लेव्ह 1970 च्या दशकात लायबेरियातल्या शिंप्यांकडे उमेदवारी करणाऱ्या मुलांचे निरीक्षण करत होत्या. मुले आधी बटणे लावत, हातशिलाई करत, इस्त्री फिरवत. मग मशीनवर शिवायला बसत. कापड बेतणे सर्वांत शेवटी. कपडा तयार होण्याचा क्रम नेमका उलटा केला होता. कारण उघड आहे. बटण चुकीचे लागले तर उसवता येते, कापड चुकीचे कापले तर गेलेच. शिवाय शेवटून सुरुवात केल्यामुळे कपडा पूर्ण झाला की कसा दिसतो हे मुलाला पहिल्यापासून ठाऊक असते. पाठ्यक्रम कुणी लिहिलेला नव्हता, तो कामाच्या मांडणीतच होता. लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी 1991 मध्ये यावरून मांडले की शिकणे म्हणजे काम करणाऱ्यांच्या समूहात कडेकडेने शिरत आत येणे. डोनाल्ड शॉन व्यावसायिकांच्या विचारपद्धतीवर आधीच लिहून गेले होते. मायकेल इराउट यांनी परिचारिका, अभियंते आणि लेखापाल नोकरीत कसे शिकतात ते पाहिले, तर ऑस्ट्रेलियात स्टीफन बिलेट यांनी कोणत्या कामगाराला शिकण्याची संधी मिळते आणि कोणाला नाही यावर बोट ठेवले.

शाळेकडे शिक्षकाच्या कामाची जागा म्हणून पाहिले तर काय दिसेल? ज्युडिथ वॉरन लिटल यांनी 1982 मध्ये सहा शाळांचा अभ्यास करून दाखवले की जिथे शिक्षक एकमेकांच्या तासाबद्दल बोलतात, एकत्र तयारी करतात, तिथे शाळाही चांगली चालते. सुसान रोझनहोल्ट्झ यांनी 1989 मध्ये शिक्षकांना शिकवत ठेवणाऱ्या आणि त्यांना साचवून ठेवणाऱ्या शाळांतला फरक मांडला. दोन प्रवाह इथे भेटले, पण नेतृत्वाचे अभ्यासक आणखी बराच काळ करारी मुख्याध्यापकाच्या व्यक्तिमत्त्वातच अडकून राहिले.

त्यांना हलवले ते 2008 मधल्या एका विश्लेषणाने. ऑकलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी नेतृत्वाच्या पाच कामांचा विद्यार्थ्यांच्या प्रगतीवरचा परिणाम तपासला. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्यात स्वतः सहभागी होणे या कामाचा परिणाम सर्वाधिक निघाला, संख्याशास्त्रातल्या परिणाम-आकाराच्या मापाने 0.84. त्याखालची दोन कामे 0.42 वरच थांबली. हा आकडा जगभरच्या प्रशिक्षणवर्गांत झळकला. तो 6 अभ्यासांतल्या 17 नोंदींवर उभा आहे, हे मात्र पडद्यावर क्वचितच लिहिलेले असते.

एवढ्या वाटा तुडवून जो प्राध्यापक होतो, तो बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो. ब्रिटनमध्ये 1986 पासून विद्यापीठांच्या संशोधनाचे ठरावीक वर्षांनी मूल्यांकन होते आणि त्यात वीस वर्षांची मुख्याध्यापकी जमेस धरत नाहीत. 2014 पासून संशोधनाच्या समाजावरील परिणामाला 20 टक्के आणि पुढच्या फेरीत 25 टक्के वजन मिळाले, तेव्हा अशा माणसांच्या शाळांतल्या ओळखी विभागाला एकदम मोलाच्या वाटू लागल्या. त्यांचे एडडीचे विद्यार्थीही नोकरीतलेच, आणि बहुतेकांना आपल्याच शाळेवर प्रबंध लिहायचा असतो. ज्या शिक्षिकेचा वार्षिक अहवाल आपण लिहितो, तिची मुलाखत घ्यायची आणि तुम्ही इथे काय शिकलात असे विचारायचे. ती काय उत्तर देणार? बिलेट यांचा प्रश्न इथे जसाच्या तसा लागू पडतो, कारण दहावीचा वर्ग कोणाला, नवा प्रकल्प कोणाला आणि बदली तास कोणाला हे ठरवणारा माणूसच तो प्रबंध लिहीत असतो.