सस्पेन्शनच्या कामाला गाडी रिकामी करून आणू नका

गाडी आमच्याकडे टाकायच्या आदल्या दिवशी बरेच जण ती मनापासून आवरतात. छतावरचं कॅरिअर उतरतं, टूलपेटी आणि जादा स्टेपनी घरी राहते, कोणी तर मागची सीटही काढून ठेवतं. हेतू चांगलाच असतो. पण जुन्या, मोठ्या एसयूव्हीच्या सस्पेन्शनच्या कामात याच आवराआवरीने आमचा अर्धा दिवस जातो. रिकाम्या गाडीची उंची मोजून स्प्रिंग निवडली, की आठवड्याभरात फोन ठरलेला: "मागून अजून बसलेलीच वाटते." मग पुन्हा उचला, पुन्हा खोला. म्हणून रोज जे सामान गाडीत असतं ते गाडीतच राहू द्या. लांबच्या प्रवासाला किंवा ट्रेलर ओढायला किती वजन वाढतं, ते कागदावर लिहून आणा.

"गाडी बसलीय, शॉकअप बदलून टाका" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. वजन पेलते ती स्प्रिंग, नाहीतर पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. शॉकअप फक्त त्यांची उसळी आवरतो. गाडी बसली असेल तर स्प्रिंग थकली. खड्ड्यातून निघाल्यावरही गाडी डोलत राहिली तर शॉकअप गेला. बंपर दाबून बघायची जुनी युक्ती एवढ्या जड गाडीवर फारसं काही सांगत नाही. शॉकअपवर तेलाचा पुसट ओलावा आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली तर घाबरू नका. तेल ओघळून खाली आलं असेल तर मात्र त्या अ‍ॅक्सलवरचे दोन्ही बदला. एकच बदलून द्या म्हणालात तर आम्ही नाही म्हणू.

उंची घरी मोजायची असेल तर सपाट जागी, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवून, चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलंत तर टायरची झीज आणि हवा दोन्ही मापात शिरतात.

आता बुश, म्हणजे सस्पेन्शनचे दांडे जिथे जोडलेले असतात तिथला रबरी सांधा. काउंटरवर एक कापलेला बुश ठेवलाय, हातात घेऊन बघा. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि मधलं रबर दोघांनाही घट्ट चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पक्की होते आणि पुढची सगळी हालचाल रबर पिळवटून होते. गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पक्का केला, तर रबर त्या लोंबत्या स्थितीला आपली 'सरळ' स्थिती धरतं. गाडी खाली घेतली की ते उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. काउंटरवरच्या बुशला आतल्या नळीलगत चंद्रकोरीसारखी फाट आहे, ती याचीच. तो मालक बुश डुप्लिकेट निघाला म्हणून वैतागून आला होता. बुश चांगला होता, आवळला चुकीच्या वेळी.

आम्ही बोल्ट आधी हातापुरते लावतो, गाडी चाकांवर उतरवतो, थोडी पुढेमागे ढकलून बसू देतो आणि मग वजन चाकांवर असतानाच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) शेवटचं आवळतो. यात वेळ जातो, गाडीखाली वाकून काम करावं लागतं, आणि "दुसरीकडे दोन तासांत करून देतात" हे ऐकावंही लागतं. देत असतील. पॉलियुरेथेन बुश मागाल तर बसवून देऊ. त्यात नळी बहुधा मोकळी फिरते, त्यामुळे ही पीळ बसत नाही. पण ग्रीस लागतं, कधी चुंईचुंई आवाज येतो आणि रस्ता जास्त जाणवतो. रोजच्या वापराला आम्ही रबरच सुचवतो.

गाडी उंच करायची असेल तर थोडीच करा. पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असलेल्या गाड्यांत बार फिरवून उंची फुकटात मिळते खरी, पण त्याने बार कडक होत नाही. फक्त चाकाला खाली जायला जागा उरत नाही, मग स्पीडब्रेकर उतरताना पुढून ठक्क आवाज येतो. पुढे अखंड अ‍ॅक्सल असलेली गाडी उचलली की कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन, कमी होतो, वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ येत नाही. पॅनहार्ड रॉड या आडव्या धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो तो वेगळाच. ब्रेकच्या होजची लांबीही बघावी लागते. म्हणून नुसत्या स्प्रिंग बसवून द्या म्हटलं तर आम्ही आधी या तीन गोष्टी तपासतो.

पाट्यांचं काम असेल तर यू बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे) नवेच लागतात, जुने ताणलेले असतात. काम झाल्यावर 500 ते 1000 किलोमीटरच्या आत गाडी परत दाखवा. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, यू बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, अलाइनमेंट पुन्हा बघावं लागतं. आवळण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही, तरी निम्मे लोक येत नाहीत.

काढलेले पार्ट डिकीत ठेवून देतो, आधीच्या आणि नंतरच्या उंचीची चिठ्ठी सोबत असते. ती जपून ठेवा, पुढच्या वेळी तपासणी लवकर उरकते. येताना टाकी साधारण अर्धी असू द्या. आणि कॅरिअर वरच राहू द्या.