झाडाच्या पानातला आरएनए: ‘दर्जेदार’ म्हणायचं कशाला?

कोल्हापुरी चपलेचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावतात. कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरणारं ते टॅनिन. राधानगरी-आंबा भागातल्या हिरडा, जांभूळ, अंजनी यांसारख्या झाडांच्या पानांतून आरएनए (जनुकांच्या कामचलाऊ नकला वाहणारा रेणू) काढायला बसलं, की हीच टॅनिनं आणि त्यांची फेनॉल-भावंडं आडवी येतात. पान द्रव नायट्रोजनमध्ये खलून पूड केली, ती जराशी वितळली, की हवेतल्या ऑक्सिजनने फेनॉलचे क्विनोन नावाचे चिकट रेणू होतात आणि आरएनएला चिकटतात. ट्यूबच्या तळाशी पांढरा ठिपका हवा, तिथे तपकिरी, जेलीसारखा गोळा बसतो.

आरएनए काढायची १९८७ची ग्वानिडिनियम-फेनॉल पद्धत प्राण्यांच्या ऊतींवर चोख चालली, अशा पानांवर मात्र तोकडी पडली. १९९३मध्ये पाइनसाठी सीटॅब (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ), पीव्हीपी (फेनॉल धरून ठेवणारा) आणि मर्कॅप्टोइथेनॉल (क्विनोन होऊ न देणारं) यांचं गरम द्रावण वापरून, लिथियम क्लोराइडने रात्रभर आरएनए खाली बसवण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. वेळखाऊ खरी, पण चिवट झाडांसाठी लोक अजून तिच्याकडेच वळतात. आरएनए गाळणीसारख्या पडद्यावर धरणाऱ्या तयार कॉलम किटने दिवसाचं काम तासावर आणलं. पानातल्या बुळबुळीत शर्करांनी कॉलम तुंबतो, ही तक्रार उरलीच.

खरा गुंता ‘दर्जेदार’ या शब्दात आहे. नमुना २६०, २८० आणि २३० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतो ते मोजतात; २६०/२८० गुणोत्तर २च्या आसपास आणि २६०/२३० २च्या वर आलं, तर आरएनए शुद्ध. पण शुद्ध म्हणजे अखंड नव्हे. तुकडे झालेला आरएनएही हीच गुणोत्तरं दाखवतो. अखंडता मोजायला २००६मध्ये १ ते १० असा ‘रिन’ (आरएनए इंटिग्रिटी नंबर) आकडा आला, १० म्हणजे पूर्ण अखंड; तो सस्तन प्राण्यांच्या नमुन्यांवर बेतलेला. हिरव्या पानात पेशीच्या नेहमीच्या २५एस आणि १८एस या रायबोसोमच्या आरएनएंसोबत हरितलवकाचे (पानाला हिरवा रंग देणाऱ्या पेशीभागाचे) २३एस आणि १६एसही असतात. आलेखातले हे जादा उंचवटे मोडतोडीचे समजले जातात आणि चांगला नमुना ६वर येतो. सिक्वेन्सिंगला (आरएनएचा क्रम वाचायला) देताना सहसा ७ मागतात. पानांना हीच अट लावणं मला अन्यायाचं वाटतं. आधी आरएनए जेलवर धावल्यावर उमटणाऱ्या पट्ट्या बघाव्यात.

२०२०मध्ये आरटीपीसीआर ही कोरोनाची चाचणी घराघरांत पोचली, आणि स्वॅबमधून निघतो तसा आरएनए पानातूनही झटपट निघेल अशी अपेक्षा वाढली. त्या चाचणीला शे-दीडशे बेसचा (साखळीतल्या अक्षरांचा) तुकडा पुरतो. नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचं मूळ रसायन घडवणारी जनुकं टोकापासून टोकापर्यंत वाचायची, तर त्या तुकड्यावर भागत नाही.