घरगुती बिनतारी राउटर

इंटरनेटची घरापर्यंत आलेली एकच जोडणी घरातल्या अनेक उपकरणांना, बहुतांशी तारेवाचून, वाटून देणारे उपकरण. बोलण्यात त्याला नुसते राउटर किंवा वाय-फायचा डबा म्हणतात. नाव एक असले तरी डब्याच्या आत निरनिराळी कामे करणारे अनेक घटक एकत्र नांदत असतात : घरचे जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यात माहितीची ने-आण करणारा खरा राउटर, तारेने जोडलेल्या उपकरणांसाठी स्विच, बिनतारी उपकरणांसाठी ॲक्सेस पॉइंट, प्रत्येकाला पत्ता नेमून देणारी डीएचसीपी सेवा, नको ते बाहेरच अडवणारी फायरवॉल आणि कधीकधी मोडेमसुद्धा. ‘नेट गेलं’ ही तक्रार यांपैकी कोणामुळेही उद्भवते. वाय-फाय आणि इंटरनेट हे शब्द एकाच अर्थाने वापरण्याची सवय पडली आहे, ती अशा वेळी फार नडते. वाय-फाय म्हणजे हातातल्या उपकरणापासून डब्यापर्यंतचा टप्पा. इंटरनेट डब्याच्या पलीकडे सुरू होते.

कार्य : सेवा पुरवणाऱ्या कंपनीची जोडणी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून, केबल टीव्हीच्या तारेवरून किंवा फायबरमधून येते. त्या माध्यमावरचे संकेत नेहमीच्या जाळ्याला समजतील अशा रूपात आणणे हे मोडेमचे काम; फायबरच्या जोडणीत ते ओएनटी नावाचे उपकरण करते. त्यापुढे राउटर येतो, आणि त्याचे सर्वांत कसबी काम पत्त्यांची अदलाबदल हे आहे. आयपी पत्त्यांच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच भरतात. जगभरच्या वाटपासाठीचा त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपलासुद्धा. घरातल्या प्रत्येक फोनला आणि टीव्हीला जगात एकमेव असा पत्ता देणे त्यामुळे शक्यच नव्हते. खाजगी जाळ्यांसाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. ते लाखो घरांत एकाच वेळी वापरात असतात आणि कोणाचे कोणाशी भांडण होत नाही.

हे जमते ते नॅट या पद्धतीमुळे. कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीसारखीच ही व्यवस्था आहे. घरातून निघालेल्या प्रत्येक विनंतीवर राउटर आतला पत्ता पुसून स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो आणि ती कोणाकडून, कोणत्या पोर्टवरून (उपकरणाच्या कोणत्या क्रमांकाच्या दारातून) गेली याची जावक नोंद ठेवतो. उत्तर आले की नोंद पाहून ते ज्याचे त्याला पोचते होते. नोंद न सापडलेली आवक टाकून दिली जाते. नॅट सुरक्षेसाठी निर्माण झालेला नाही, तरी न मागता आलेले काही आत शिरत नाही, एवढे संरक्षण त्यातून आपसूक मिळते. त्याची दुसरी बाजू अशी की घरचा कॅमेरा बाहेरून पाहायचा असेल, तर ‘या पोर्टवर आलेले त्या उपकरणाकडे पाठव’ अशी कायमची नोंद करून द्यावी लागते. तिला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. यूपीएनपी ही सोय सुरू असल्यास घरातली उपकरणे अशी नोंद परस्पर करून घेतात. सोयीची असली तरी कोणालाही न विचारता दार उघडणारी ही सोय गरज नसेल तर बंदच बरी. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा आहे आणि नॅटची गरज उरत नाही. तेथे अडवण्याची सगळी मदार फायरवॉलवर असते.

इतिहास : रेडिओ लहरींवरून संगणकांचे जाळे चालवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग म्हणजे हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन यांचे अलोहानेट. ते १९७१ मध्ये सुरू झाले आणि वेगवेगळ्या बेटांवरची ठाणी जोडत असे. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने १९८५ मध्ये काही वारंवारता-पट्टे विनापरवाना संदेशवहनासाठी मोकळे केले. या निर्णयाचे महत्त्व पुढच्या कोणत्याही एका शोधापेक्षा कमी नाही, कारण घरगुती राउटर परवान्याविना वापरता येण्याचा पाया तेथे घातला गेला. वाय-फायचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले तेव्हा वेग सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट होता. १९९९ च्या ‘बी’ आवृत्तीने तो ११ वर नेला, २००३ च्या ‘जी’ने ५४ वर. २००९ मध्ये ‘एन’ आले आणि एकापेक्षा अधिक अँटेनांतून एकाच वेळी वेगवेगळी माहिती पाठवण्याची रीत रूढ झाली. पुढे अक्षरांचा इतका गोंधळ झाला की २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्स या उत्पादकांच्या संघटनेने पिढ्यांना सरळ आकडे दिले : ‘एन’ म्हणजे वाय-फाय ४, ‘एसी’ ५, ‘एएक्स’ ६. वाय-फाय ७ ची प्रमाणपत्रे जानेवारी २०२४ पासून मिळू लागली. वाय-फाय हा शब्द कशाचेही लघुरूप नाही. तो एका नामकरण करणाऱ्या संस्थेने घडवलेला व्यापारी शब्द आहे.

लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा २००२ च्या अखेरीस आलेला राउटर वेगळ्याच कारणाने स्मरणात राहिला. त्याच्या आत लिनक्स ही खुली संगणकप्रणाली असल्याचे हौशी मंडळींच्या लक्षात आले, लिनक्सच्या परवान्याच्या अटीनुसार कंपनीला मूळ संकेतावली खुली करावी लागली आणि त्यातून २००४ मध्ये राउटरसाठी खुली प्रणाली घडवणारा ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. डबा हा प्रत्यक्षात छोटा संगणकच आहे, हे तेव्हापासून सामान्य वापरणाऱ्यालाही कळू लागले.

लहरी आणि जागा : घरगुती राउटर २.४ व ५ गिगॅहर्ट्झ या पट्ट्यांत बोलतात. नव्यांत काही ठिकाणी ६ गिगॅहर्ट्झचीही भर पडली आहे. २.४ ची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर, ५ ची त्याच्या निम्मी. कमी वारंवारतेची लहर भिंतीतून जास्त निभावते, पण तिचा पट्टा अरुंद आणि गजबजलेला. ब्लूटूथ तेथेच असते आणि मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगॅहर्ट्झच्या आसपासच चालते. ५ चा पट्टा ऐसपैस आणि वेगवान, मात्र दोन जाड भिंतींनंतर त्याचा दम निघतो. ५ मधल्या काही चॅनेलवर, म्हणजे पट्ट्याच्या क्रमांकित भागांवर, रडारचा पहिला हक्क असल्याने राउटरला तेथे बोलण्यापूर्वी निदान मिनिटभर नुसते ऐकावे लागते. चालू केल्यावर हा पट्टा उशिरा दिसण्याचे ते एक कारण.

२.४ मध्ये चॅनेल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत, पण प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच उरतात : १, ६ आणि ११. कोणीच वापरत नाही म्हणून ३ किंवा ४ निवडण्याची चतुराई अंगाशी येते. एकाच चॅनेलवरचे दोन राउटर एकमेकांचे ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट एकमेकांवर आलेल्या चॅनेलवर मात्र दोघांनाही दुसऱ्याचा फक्त गोंगाट ऐकू येतो.

डबा कोठे ठेवावा याला सेटिंगमधल्या बहुतेक कळांपेक्षा जास्त किंमत आहे. उभ्या अँटेनाभोवती लहरी सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबच्या आकारात पसरतात : आडव्या दिशेने भरपूर, टोकाच्या वर आणि खाली अगदी कमी. म्हणून अँटेना उभी, डबा घराच्या मध्याजवळ आणि जमिनीपासून उंच असावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि माशांची टाकी हे तीन शत्रू; आरशाच्या पाठीला धातूचा थर असतो आणि पाणी लहरी शोषते. जोडणी जेथून घरात शिरते त्या कोपऱ्यातच डबा टांगायची पद्धत आहे, ती तार वाचवण्यासाठी. रेंज मोजायची झाल्यास डीबीएम या संकेताच्या शक्तीच्या मापातले ऋण आकडे पाहावेत : उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ संभाषण सुरळीत, उणे ८० च्या पुढे रडकथा. आकडा ३ ने घसरला की शक्ती निम्मी होते आणि १० ने घसरला की दहावा हिस्सा उरतो.

वेगाचे आकडे : खोक्यावर छापलेला १२०० हा आकडा सहसा दोन पट्ट्यांची बेरीज असते, ३०० अधिक ८६७, आणि वर थोडे गोल केलेले. सर्वसाधारण फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. शिवाय एका चॅनेलवर एका क्षणी एकानेच बोलायचे असल्याने आणि बराच वेळ पाळी ठरवण्यात जात असल्याने हाती येणारा वेग छापील आकड्याच्या निम्म्यापर्यंत उतरणे नवल नाही. जोडणीचा वेग बिटांत सांगतात आणि फाइल बाइटांत मोजतात, त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट ही कमाल मर्यादा झाली. स्वस्त डब्यांत तारेची खोबणच १०० मेगाबिटची असते. मग जोडणी कितीही वेगवान घेतली तरी उपयोग नाही. तारेतल्या आठांपैकी चारच धागे नीट जोडलेले असले तरी वेग बरोबर १०० ला अडकतो. वेगमापनात ९४-९५ चा आकडा पुन्हापुन्हा दिसला की आधी ही तार तपासावी.

वेग भरपूर असूनही संभाषण अडखळत असेल, तर बहुधा रांग तुंबलेली असते. कोणी मोठी फाइल वर चढवत असताना राउटर किंवा मोडेम तिची पाकिटे (माहितीचे पाठवायचे तुकडे) साठवत बसतो आणि आवाजाची छोटी पाकिटे त्यांच्या मागे खोळंबतात. या विकाराला बफरब्लोट म्हणतात. चांगल्या राउटरमधली क्यूओएस सोय ही रांग आखूड ठेवते.

मांडणी : कंपनीकडून आलेली तार वॅन (बाहेरचे जाळे) असे लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या खोबणीत लावायची, बाकीच्या खोबणी लॅनच्या, म्हणजे घरच्या जाळ्याच्या. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकून, किंवा उत्पादकाच्या ॲपमधून, राउटरच्या आत जायचे. नेमका पत्ता डब्याखालच्या चिठ्ठीवर असतो. जोडणीचा प्रकार कंपनीला विचारूनच भरावा. डीएचसीपी असेल तर काहीच भरावे लागत नाही. पीपीपीओई असेल तर वापरनाव आणि पासवर्ड लागतो आणि पाकिटाची मर्यादा १५०० ऐवजी १४९२ बाइट होते, कारण ८ बाइट वेष्टनात जातात. मोडेम स्वतःच राउटरचे काम करत असेल, तर त्याच्यामागे लावलेला दुसरा राउटर पुन्हा नॅट करतो आणि पोर्ट फॉरवर्डिंगचे त्रांगडे होते. अशा वेळी मोडेमला ब्रिज मोडमध्ये (राउटरचे काम बंद ठेवून) टाकावे किंवा मागच्या डब्याला नुसता ॲक्सेस पॉइंट करावे.

जाळ्याचे नाव ३२ बाइटांपर्यंत ठेवता येते. ते देवनागरीतही चालते, पण नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘विश्रांतिगृह’ हा दिसायला पाच अक्षरांचा शब्द ३६ बाइट होतो आणि मावत नाही.

सुरक्षा : दोन पासवर्ड असतात आणि लोक एकच बदलतात. पहिला वाय-फायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. २०१६ मध्ये पसरलेल्या मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून कॅमेरे आणि राउटर यांची फौज उभी केली होती. संकेतनाच्या पद्धतींपैकी डब्ल्यूईपी २००१ मध्येच फुटली. २००४ ची डब्ल्यूपीए२ अजून चालते, पण जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून नंतर निवांत पासवर्डचे तर्क करता येतात. २०१८ च्या डब्ल्यूपीए३ ने ती वाट बंद केली. म्हणून डब्ल्यूपीए२ वर किमान ८ अक्षरांची अट पुरेशी मानू नये. चार-पाच असंबद्ध शब्दांचे लांबलचक वाक्य उत्तम; कमाल मर्यादा ६३ आहे.

पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याची सोय म्हणजे डब्ल्यूपीएस; तिचा आठ अंकी पिन बंद करावा. त्याचा शेवटचा अंक पडताळणीचा, आणि उरलेले सात अंक राउटर चार आणि तीन अशा दोन तुकड्यांत तपासतो. त्यामुळे एक कोटी प्रयत्नांऐवजी ११,००० पुरतात. हे २०११ च्या डिसेंबरात उघड झाले. जाळ्याचे नाव लपवणे किंवा ठरावीक उपकरणांचेच मॅक पत्ते (कारखान्यातून मिळालेली ओळख) स्वीकारणे हे उपाय मात्र निव्वळ मनाचे समाधान आहेत, कारण दोन्ही गोष्टी हवेतून ऐकता येतात. पाहुण्यांसाठी आणि दिवे-कॅमेऱ्यांसारख्या वस्तूंसाठी वेगळे गेस्ट जाळे ठेवणे याहून कितीतरी उपयोगी. फर्मवेअरची, म्हणजे डब्याच्या आतल्या प्रणालीची, अद्यतने आपोआप होऊ द्यावीत. उत्पादकाने ती देणे थांबवले की डबा धडधाकट असला तरी त्याचे वय संपले.

विस्तार : लांबच्या खोलीसाठी रिपीटर लावतात. तो एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. मेश संचात, म्हणजे एकच जाळे मिळून चालवणाऱ्या अनेक डब्यांच्या संचात, काही वेळा डब्यांच्या आपसांतल्या बोलण्यासाठी वेगळा पट्टा असतो. तार टाकणे शक्य असेल तेथे दोन्हींपेक्षा तार सरस; ५ई दर्जाची तार १०० मीटरपर्यंत गिगाबिट वाहून नेते.

दोषशोधन : आधी टप्पा ओळखावा. जाळ्याचे नावच दिसत नसेल तर ॲक्सेस पॉइंट. नाव दिसते, जोडलेही जाते, पण उपकरणाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, तर डीएचसीपीने पत्ता दिलेला नाही. राउटरचे पान उघडते पण बाहेरचे काहीच नाही, तर मोडेम किंवा कंपनीची जोडणी. फायबरच्या डब्यावर लॉस हा लाल दिवा लागला की प्रकाशच पोचत नाही. आकडी पत्ता चालतो आणि नावाने संकेतस्थळ उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी सेवा. एकाच खोलीत रड असेल तर जागा किंवा चॅनेल.

बंद करून पुन्हा चालू करण्याचा घरगुती तोडगा चेष्टेचा विषय असला तरी त्यामागे कारण आहे : तुंबलेली जावक नोंदवही कोरी होते, चॅनेलची निवड नव्याने होते आणि कंपनीशी जोडणी पुन्हा जुळते. मागच्या बारीक छिद्रात सुई दाबून होणारे रिसेट ही मात्र वेगळी गोष्ट; त्याने पीपीपीओईच्या माहितीसकट सगळी सेटिंग पुसली जातात, म्हणून ती आधी लिहून ठेवावीत. जुना डबा कोणाला देताना किंवा भंगारात टाकताना तीच सुई वापरायची असते, कारण घरच्या वाय-फायचा पासवर्ड त्याच्या स्मृतीत तसाच पडून असतो.