लॉन ट्रॅक्टर आणि गार्डन ट्रॅक्टर: जुना उघडायला घेण्याआधी

अमेरिकेत एकर-दीड एकराच्या जागेत घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात गवत नाकीनऊ आणतं. मग बसून चालवायचं यंत्र हवंसं वाटतं, नव्याच्या किमती बघून माणूस जुन्याकडे वळतो, आणि हाताला जरा खाज असेल तर ‘जुनाच घेऊ, घरीच उघडू, हवा तसा करू’ इथपर्यंत येतो. जाहिराती भरपूर असतात: ‘गार्डन ट्रॅक्टर, चालू स्थितीत, किरकोळ काम.’ फोटोत पुढे बॉनेट, मागे मोठी चाकं, मधे सीट, पोटाखाली गवत कापायचा डेक. पण यातले बरेचसे गार्डन ट्रॅक्टर नसतातच, ते लॉन ट्रॅक्टर असतात. रंग तोच, कंपनी तीच, कधीकधी स्टिकरवर नावसुद्धा तेच.

नुसतं गवत कापणाऱ्याला या फरकाशी काही देणंघेणं नाही. दोन्ही कापतात, आणि सपाट हिरवळीवर लॉन ट्रॅक्टर उलट हलका आणि सोयीचा पडतो. फरक पडतो तो यंत्र सुटं करून पुन्हा उभं करणाऱ्याला. लॉन ट्रॅक्टरवर कितीही मेहनत घ्या, ती ठरावीक जागी येऊन अडते, आणि ती जागा इंजिनात नसते. ती मागच्या आसापाशी असते.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेतला मिनी ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणू नये. पंधरा-अठरा हॉर्सपॉवरचा तो डिझेल गडी शेतीचाच पूर्ण ट्रॅक्टर आहे, फक्त अंगाने लहान. मी म्हणतोय तो अमेरिकी गार्डन ट्रॅक्टर त्याच्याही निम्म्या वजनाचा, पेट्रोलवर चालणारा, जुना असेल तर बहुधा एकाच सिलिंडरचा आणि हवेवर थंड होणारा.

दोघांची वंशावळ वेगळी आहे, आणि बाकीचं सगळं तिच्यातून येतं. गार्डन ट्रॅक्टर म्हणजे शेतातला ट्रॅक्टर लहान करत आणलेला. लॉन ट्रॅक्टर म्हणजे गवत कापायचं यंत्र मोठं करत नेलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शहरांभोवती उपनगरं पसरली आणि मोठ्या अंगणांचं नवं गिऱ्हाईक तयार झालं. एल्मर पाँडने १९४६ मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडला सुरू केलेल्या कामातून ‘व्हील हॉर्स’ ही ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ च्या सुमारास ‘कब कॅडेट’ बाजारात आणला, आणि त्याच्या मागच्या गिअरबॉक्सचा नमुना घेतला तो आपल्याच ‘फार्मॉल कब’ या शेतीच्या ट्रॅक्टरवरून. जॉन डिअरचा ११० हा १९६३ चा. या लोकांना ट्रॅक्टरच बनवता येत होते, म्हणून त्यांनी लहान ट्रॅक्टर बनवले. त्याला मागे एका फाळाचा नांगर लागणार, पुढे बर्फ ढकलायचं पातं लागणार, हे धरूनच लोखंड घातलं.

आता विक्रेत्याच्या अंगणात उभे आहात असं समजा. बॉनेट उघडू नका, मागे जाऊन उकिडवे बसा. मागचं चाक आसाला कसं बसवलंय ते बघा. मधोमध प्लॅस्टिकची टोपी असेल, ती काढल्यावर पाऊण इंची शाफ्टचं टोक, त्यावर वॉशर आणि एक छोटी क्लिप दिसत असेल, तर तो लॉन ट्रॅक्टर. चाक शाफ्टवर नुसतं सरकवलेलं असतं, फिरवण्याचा सगळा जोर शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या एका बारक्या लोखंडी चावीवर. गार्डन ट्रॅक्टरच्या चाकाला मोटारीसारखे बोल्ट असतात, बहुधा पाच, आणि ते जाड हबमध्ये आवळलेले असतात. टायर मोजा: लॉन ट्रॅक्टरला मागे साधारण २० इंची, गार्डन ट्रॅक्टरला बहुतेक २३ इंची.

खिशात एक लहानसं लोहचुंबक ठेवा. आडवे होऊन ते मागच्या गिअरबॉक्सला लावा. चिकटलं तर बिडाचा, घसरून पडलं तर ॲल्युमिनियमचा. जुन्या गार्डन ट्रॅक्टरला ते ठक्कन बसतं. तसंच चेसिसला हात लावून बघा. एकीकडे दाबून वळवलेला पत्रा, दुसरीकडे वेल्ड केलेलं जाड चॅनल. पत्र्याच्या चेसिसला इंजिनाखाली आणि पुढच्या आसाच्या खिळीपाशी केसासारख्या चिरा जातात. टॉर्च मारून बघा, कारण विकणारा त्या रंगाने झाकतो.

इंजिन बघून निवाडा करायला जाल तर फसाल. इंजिनाचा शाफ्ट उभा म्हणजे लॉन, आडवा म्हणजे गार्डन, हा ठोकताळा जुन्या यंत्रांना बराचसा लागू पडतो, पण इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या पट्ट्याच्या बाबतीत लोक उगाच घाबरतात. पट्टा आहे म्हणून ट्रॅक्टर हलका ठरत नाही. व्हील हॉर्सला पट्टा आहे, जॉन डिअर ११० ला आहे, अगदी पहिल्या कब कॅडेटलाही होता. १९६३ च्या कब कॅडेट ७० आणि १०० पासून इंजिनातून थेट लोखंडी शाफ्ट मागे गेला. पट्टा बदलायला दुपार लागते. गिअरबॉक्स बदलायला दुसरा ट्रॅक्टर लागतो.

अलीकडच्या लॉन ट्रॅक्टरांत सगळ्यात जास्त नाव निघतं ते टफ टॉर्क कंपनीच्या के-४६ या हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, गिअरबॉक्सचं, बहुतेक वेळा शिव्यांसकट. मला विचाराल तर शिव्या चुकीच्या पत्त्यावर जातात. तो सपाट जागेवर डेक घेऊन फिरण्यासाठी बनवलेला आहे आणि ते काम तो वर्षानुवर्षं करतो. त्याला चढावर लादलेली गाडी ओढायला लावली, नांगर लावला, की तेल तापून पातळ होतं, आतला दाब टिकत नाही आणि ट्रॅक्टर चढावर रेंगाळायला लागतो. थंड झाला की पुन्हा ठीक. त्याला तेल काढायचा बोल्टच नाही. तेल बदलायचं तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवून उलटा करावा लागतो. लोक तेही करतात, जाडसर तेल भरतात, काही दिवस बरे जातात.

इंजिनाकडे वळू, कारण घरच्या घरी करण्यात खरी मजा तिथे आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कितीतरी गार्डन ट्रॅक्टरांत कोहलर कंपनीचं के मालिकेचं इंजिन सापडतं: के-१८१ म्हणजे ८ हॉर्सपॉवर, के-२४१ म्हणजे १०, के-३०१ म्हणजे १२, के-३२१ म्हणजे १४, के-३४१ म्हणजे १६. व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये आहेत. त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण, बोल्ट काढले की हातात. कार्बन खरवडा, आणि सिलिंडरच्या वरच्या कडेखाली नख फिरवा. नख अडखळलं तर तिथे खाच पडलीय, म्हणजे नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही, बोअर करावं लागेल, म्हणजे सिलिंडरचं भोक कापून मोठं करावं लागेल. ब्लॉक बिडाचा असल्याने बोअर करता येतं, आणि पिस्टन दहा, वीस, तीस थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठे मिळतात. के-३०१ चा मूळ बोअर ३.३७५ इंच, टर्नरकडे जाताना पिस्टन आधी विकत घेऊन सोबत न्या, तो पिस्टन मोजून बोअर करेल.

या इंजिनाचा नाजूक भाग कनेक्टिंग रॉड. तो ॲल्युमिनियमचा आहे आणि त्यात वेगळी बेअरिंगची वाटी नाही, रॉड थेट क्रँकवर फिरतो. ऑइल पंपही नाही. रॉडच्या खालच्या टोकाला एक लहानशी चमच्यासारखी जीभ असते, ती दर फेरीला तेलात बुडते आणि तेल वर उडवते. सगळं वंगण तेवढ्यावर. तेलाची पातळी खाली गेली किंवा ट्रॅक्टर तीव्र उतारावर बराच वेळ तिरका चालला, की आधी रॉड जाम होतो, मग तुटतो, आणि तुटलेला तुकडा ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. म्हणून क्रँकचा जर्नल, म्हणजे रॉड ज्यावर फिरतो तो गोल भाग, मायक्रोमीटरने दोन-तीन दिशांनी मोजा. गोल राहिला नसेल तर दहा थाउ ग्राइंड करून दहा थाउ लहान भोकाचा रॉड बसवता येतो. बसवताना रॉडवरची आणि टोपीवरची खूण एकाच बाजूला आणा आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. ‘हाताच्या अंदाजाने’ हा प्रकार इथे नको.

के-२४१ च्या पुढच्या काही इंजिनांत हादरे कमी करायला बॅलन्स गिअर घातलेले असतात. त्यांची बेअरिंग झिजली की ते आतल्या आत फुटून ब्लॉक घेऊन जातात. इंजिन उघडलंच आहे तर बरेच जाणकार ते काढून टाकतात, मीही त्याच मताचा. थोडं जास्त थरथरतं, इतकंच. ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटचं अंतर २० थाउ ठेवा, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, नवा कंडेन्सर घाला, आणि स्टार्टर-जनरेटर असेल तर त्याचे ब्रश बघा. बाजूला पट्ट्यावर फिरणारा तो एकच डबा इंजिन चालू करताना मोटर असतो आणि चालू झाल्यावर बॅटरी भरणारा जनरेटर.

लॉन ट्रॅक्टरचं इंजिन असं जीव लावून करण्यात सहसा अर्थ नसतो. ॲल्युमिनियमचा सिलिंडर झिजला की सुटे भाग आणि टर्नरची मजुरी मिळून दुसऱ्या चालू इंजिनापेक्षा जास्त होते. मात्र एका बाबतीत लॉन ट्रॅक्टर सोपा. उभ्या शाफ्टची इंजिनं भंगारात पडलेल्या ट्रॅक्टरांतून सहज मिळतात, अनेकदा तीच भोकं जुळतात, आणि इंजिन उचलून बदलायचं काम शनिवारी सुरू करून शनिवारीच संपतं.

हवा तसा ट्रॅक्टर करून घेण्याचं वेड जुनंच आहे. जॉन डिअरने १९६९ पासून काही काळ पांढऱ्या ट्रॅक्टरवर लाल, नारिंगी, पिवळं किंवा निळं बॉनेट आणि सीट असा पर्याय कारखान्यातूनच दिला होता. गिऱ्हाइकांना मात्र हिरवाच हवा होता. आज तेच रंगीत ट्रॅक्टर संग्राहक शोधत फिरतात. तेव्हा रंग आपल्या आवडीचा द्या, फक्त जुना रंग घासताना मास्क लावा, त्यात शिसं असू शकतं. आणि रंगाच्या आधी मागची ऑइल सील बदला. चकचकीत बॉनेटखाली तेलाचा ओघळ फार केविलवाणा दिसतो.

गार्डन ट्रॅक्टरमध्ये लोक जुन्या इंजिनाच्या जागी दोन सिलिंडरचं नवं इंजिन बसवतात, २०-२२ हॉर्सपॉवरचं. बसतं. पण कब कॅडेटसारख्या शाफ्टवाल्यात इंजिनाचा आणि मागे जाणाऱ्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आला पाहिजे, नाहीतर कपलिंग खात राहतं. खालच्या प्लेटची जाडी त्या हिशेबाने काढावी लागते. मागे अवजारं लावायची तीन सांध्यांची जोडणी (थ्री-पॉइंट हिच) करायची असेल तर ती ‘कॅटेगरी शून्य’ मापाची, पिना पाच-अष्टमांश इंची. दहा इंची फाळाचा नांगर त्यावर झकास चालतो. पुढे लोडर बसवणाऱ्यांनी आधी पुढच्या चाकांचे स्पिंडल जाड करावेत आणि मागे वजन टाकावं. भरलेली बादली उंच धरून उतारावर वळणं हा सरळ उलटायचा रस्ता आहे. लॉन ट्रॅक्टरवर लोडर? व्हिडिओत छान दिसतो.

इंजिनाच्या फेऱ्यांना आवर घालणारा गव्हर्नर काढून वेग वाढवायचा मोह दोन्हींवर होतो. ही इंजिनं मिनिटाला ३६०० फेऱ्यांसाठी बांधलेली आहेत. त्याच्या फार वर गेलं तर बिडाचं फ्लायव्हील फुटू शकतं, आणि ते चालकाच्या पायांपासून फार लांब नसतं. ट्रॅक्टर-खेच स्पर्धेसाठी इंजिन वाढवणारे म्हणूनच पोलादी फ्लायव्हील बसवतात.

पण वेगाचंच वेड असेल तर लॉन ट्रॅक्टर घ्या, खुशाल घ्या. इंग्लंडमध्ये वेस्ट ससेक्समधल्या विसबरो ग्रीन गावात १९७३ मध्ये गवत कापायच्या यंत्रांच्या शर्यती सुरू झाल्या. पाती काढून टाकलेली ही यंत्रं आजही पळतात, अमेरिकेतही पळतात. तिथे वजन हा शत्रू आहे, बिडाचा गिअरबॉक्स पायातली बेडी ठरतो. पत्र्याचं चेसिस खाली उतरवायचं, आडव्या पट्ट्या वेल्ड करून ते कडक करायचं, पुल्या बदलून वेग काढायचा, त्याआधी ब्रेक आणि पडल्यावर इंजिन बंद करणारी दोरी बसवायची. चिखलात खेळायचे ट्रॅक्टरही याच सांगाड्यावर करतात. मोडला तर दुसरा पत्रा आणता येतो, जीव तुटत नाही.

जुन्या कोहलरचे पिस्टन, रॉड, गॅस्केट आजही मिळतात, मूळचे नाही तर दुसऱ्या कंपन्यांचे. मागवताना इंजिनाच्या पत्र्यावरच्या पाटीवरचा मॉडेल आणि स्पेसिफिकेशन नंबर बघतात, तिथे एक गोम आहे. तो पत्रा चार-सहा बोल्टांवर असतो आणि पन्नास-साठ वर्षांत कोणीतरी तो दुसऱ्या इंजिनावरून आणून लावलेला असू शकतो. पाटी के-३०१ म्हणते आणि आत के-३२१ चा साडेतीन इंची बोअर निघतो, असं होतं. हेड काढून बोअर स्वतः मोजल्याशिवाय एकही रिंग मागवू नका.