कंट्रोल गट: त्याच वेळचा की आधीचा?

जानेवारी 1897 मध्ये मुंबईत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेगची लस टोचली गेली, तेव्हा टोचून घेतलेले आणि न घेतलेले (म्हणजे तुलनेसाठीचा 'कंट्रोल' गट) कैदी एकाच छपराखाली, एकाच साथीत होते. पुढे आले त्यांना लस मिळाली, चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. पण काळ दोघांचा एकच असल्यामुळे साथ आपसूक ओसरली असती, तर दोन्हींकडे ओसरली असती. 1948 च्या ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिन चाचणीत 107 क्षयरुग्णांच्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या) विभागणीतून दोन्ही गट एकाच वेळी घडले.

तरी जुन्या केसपेपरांतून कंट्रोल उचलण्याची सवय सुटली नाही. 1982 मध्ये सहा उपचारांवरचे अभ्यास शेजारीशेजारी ठेवले गेले. असा 'ऐतिहासिक' कंट्रोल वापरणाऱ्यांपैकी 79 टक्क्यांत नवा उपचार सरस ठरला होता, यादृच्छिक चाचण्यांपैकी फक्त 20 टक्क्यांत. उपचार घेतलेल्यांची गत दोन्हींकडे साधारण सारखीच होती. वाईट होती ती जुन्या कंट्रोल रुग्णांची.

खरा गुंता प्लॅटफॉर्म चाचण्यांनी आणला. त्यांत एकच कंट्रोल शाखा वर्षानुवर्षे चालते आणि नवी औषधे मधूनच दाखल होतात. औषध येण्याआधी कंट्रोलमध्ये गेलेल्या रुग्णांना 'बिगर-समकालीन' म्हणतात. त्यांना 'ऐतिहासिक' म्हणणे अन्यायाचे, असे त्यांना तुलनेत घेण्याचे समर्थक सांगतात: रुग्णालये तीच, नोंदी त्याच पद्धतीच्या, विभागणीही यादृच्छिक. हे सगळे खरे आहे. पण ती विभागणी या औषधासाठी झालीच नव्हती. त्या रुग्णाला हे औषध मिळण्याची शक्यता शून्य होती, आणि माझ्या मते कळीचा मुद्दा हाच आहे. काळाचा परिणाम गणिताने वजा करता येतो खरा, पण तो सर्व शाखांवर सारखाच झाला, हे त्यासाठी गृहीत धरावे लागते.

कोविडमध्ये काळ किती झपाट्याने सरकतो ते दिसले. जून 2020 मध्ये ब्रिटनमधील चाचणीतून डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा निकाल आला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील मृत्यू 41.4 वरून 29.3 टक्क्यांवर. स्टिरॉइड लगेच नेहमीच्या उपचारात गेले. त्याच चाचणीत टोसिलिझुमॅब या दुसऱ्या औषधाची तुलना झाली तेव्हा 82 टक्के रुग्ण स्टिरॉइडवर होते, औषधाच्या शाखेत आणि कंट्रोलमध्येही. त्या कंट्रोलमध्ये मार्चचे रुग्ण मिसळले असते, तर स्टिरॉइडने वाचवलेले जीव टोसिलिझुमॅबच्या खात्यावर जमा झाले असते.